रेंज फुल, तरी नेट बंद : मॉनिटर जोडला की लॅपटॉपचं वायफाय बिघडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीतल्या एक ताई घरूनच अकाउंट्सचं काम करतात. ओळख उघड होऊ नये म्हणून इथे त्यांना नुसतं ताई म्हणतो. हळद-बेदाण्याचे काही अडते, किराणा दुकानदार आणि एक-दोन छोटे कारखानदार अशा लोकांची जीएसटी रिटर्न त्या भरतात. या कामात महिन्याच्या दोन तारखा चुकवून चालत नाहीत. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न. २० तारीख हुकली की व्यापाऱ्याला विलंब शुल्क लागतं, वर व्याज चढतं आणि बोल ताईंना बसतात.

लॅपटॉप चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेला, कमी किमतीतला. टॅली आणि एक्सेल त्यावर व्यवस्थित चालतात. त्याचं वायफाय कार्ड मात्र वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं आणि एकाच अँटेनाचं. बाहेरचा पडदा जोडायला एकच एचडीएमआय पोर्ट, डाव्या बाजूला, मागे बिजागरीला लागून. नेट केबल ऑपरेटरचं फायबर. राउटर हॉलमध्ये, तर कामाची खोली पॅसेजच्या टोकाला. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालतो, पण दोन्हींना नाव एकच दिलेलं, त्यामुळे कोणतं उपकरण कशावर जोडलं गेलंय ते बघणाऱ्याला कळत नाही.

मे महिन्याच्या शेवटी ताईंनी २७ इंची मॉनिटर घेतला, २५६० बाय १४४० पिक्सेलचा. एका बाजूला खरेदीचं रजिस्टर आणि दुसऱ्या बाजूला जीएसटी पोर्टलवरचं २बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचं तिथे आपोआप तयार होणारं पत्रक, उघडून ओळीला ओळ ताडून बघता यावी, हा हेतू. खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल होती आणि लॅपटॉपला ते पोर्ट नाही. म्हणून घरात पडून असलेली, सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली एचडीएमआय केबल लावली. चित्र लगेच आलं आणि पहिले दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. हे सुरळीत गेलेले आठवडेच पुढे सगळ्यांना चुकीच्या वाटेवर घेऊन गेले.

अडचण

जूनच्या मध्यावर पाऊस लागला आणि लॅपटॉपवर नेट अडखळायला लागलं. रेंज फुल दिसायची, पण पान उघडता उघडायचं नाही. २बी डाउनलोड करायला लावलं की अर्ध्यावर थांबायचं. लॉगिनचा ओटीपी फोनवर वेळेत यायचा, तो टाकून बटण दाबलं की गोल फिरत राहायचं आणि सेशन संपायचं. लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावला तर ताईंचं बोलणं समोरच्याला नीट ऐकू जायचं, त्याचं मात्र यांच्याकडे तुटत तुटत यायचं.

त्याच टेबलावरचा फोन, त्याच वायफायवर, झकास चालत होता.

त्यात रोज एकसारखा त्रासही नव्हता. काही दिवस अगदी छान जायचे. लाईट जाऊन आली की कधी बिघडलेलं नेट सुधारायचं, कधी चांगलं चाललेलं बिघडायचं. पावसाळा, लाईट आणि नेट यांची सांगड सांगलीत कोणीही घालेल, तशी ती घरात घातली गेली.

माझ्यापर्यंत येण्याआधी काय काय झालं

केबलवाल्यांचा मुलगा येऊन गेला. ओएनटीवर, म्हणजे फायबर घरात जिथे संपतं त्या डबीवर, लाल लाईट नाही, फायबरची पॉवर बरोबर आहे, असं सांगून त्याने पॅच कॉर्ड बदलली आणि गेला. त्याचं म्हणणं खरं होतं. लाईनमध्ये काहीच बिघाड नव्हता.

मग लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथे तो दोन दिवस बिनतक्रार चालला. दुकानदाराने ड्रायव्हर नव्याने टाकले, ‘कार्ड जुनं झालंय, पुन्हा त्रास झाला तर बदलू’ म्हणाले आणि लॅपटॉप परत दिला. दुकानात अर्थातच फक्त लॅपटॉप गेला होता. मॉनिटर घरी टेबलावरच होता.

ताईंचा भाचा इंजिनीअरिंगला आहे. सगळ्यांत जवळ तो पोहोचला होता, आणि ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. ‘मावशी, मॉनिटर आल्यापासूनच हे सुरू झालं असणार’ असं त्याला वाटलं. त्याने विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केलं. काहीच फरक पडला नाही. शिवाय मॉनिटर आल्यावर दोन-तीन आठवडे सगळं ठीक होतंच. मग त्याने मॉनिटरला निर्दोष ठरवलं. त्याचा तर्क चोख होता, पण त्याच्या हातातलं माप चुकीचं होतं. ते कसं, ते पुढे येईल.

मला बोलावणं आलं ते जुलैच्या १७ तारखेला. ३बी भरायची बरीच बाकी होती.

तपास

पहिला निर्णय म्हणजे नेमकं मोजायचं काय. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीत लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा हवेतला रस्ता, राउटरपासून ऑपरेटरपर्यंतचं फायबर आणि पुढचं सगळं इंटरनेट एकत्र आलेलं असतं. वेबसाइट उघडून बघितलं किंवा स्पीड टेस्ट लावली तर या तिन्हींची बेरीज कळते, दोष कुठे आहे ते कळत नाही. म्हणून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘पिंग’ ही आज्ञा (समोरचं उपकरण उत्तर देतं का आणि किती वेळात, ते ती दाखवते) थेट राउटरच्या पत्त्यावर, १९२.१६८.१.१ वर, सतत चालू ठेवली. दुसऱ्या खिडकीत तीच आज्ञा बाहेरच्या एका पत्त्यावर.

राउटरकडूनच उत्तरं हरवत होती. जी यायची, त्यातली कित्येक उशिरा. भिंतीपलीकडच्या राउटरला दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर द्यायला हरकत नसते, इथे ती शेकड्यांत जात होती आणि मधूनमधून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ यायचं. लॅपटॉप हॉलमध्ये नेऊन राउटरला लॅन वायरने जोडला तर एकही पिंग हरवेना. एवढ्यावरच ऑपरेटर, फायबर आणि पोर्टल संशयातून बाहेर पडले.

राहिली होती फक्त हवा आणि लॅपटॉपचं वायफाय.

लॅपटॉप पुन्हा टेबलावर ठेवला, सगळं पूर्वीसारखं जोडलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. हे लिहिताना सोपं वाटतं, पण २० तारीख डोक्यावर असताना हात आवरणं कठीण असतं. सगळ्या वायरी काढून, राउटर बंद-चालू करून, लॅपटॉप रीस्टार्ट करून बघावंसं वाटतं. तसं केलं की बऱ्याचदा नेट सुरूही होतं, आणि ते कशामुळे सुरू झालं हे कायमचं हरवतं.

लॅपटॉपमधून एचडीएमआय केबल उपसली. पिंगच्या ओळी त्याच क्षणी सरळ झाल्या. परत लावली, पुन्हा हरवायला लागल्या. ताई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी स्वतःच्या हाताने हे करून बघितलं.

पण ‘मॉनिटरमुळे’ एवढं उत्तर पुरेसं नव्हतं. मॉनिटरचं धूड लॅपटॉप आणि दार यांच्या मधे उभं होतं, ते सिग्नल अडवत असेल. त्याचा पॉवर अॅडॉप्टर गोंगाट, म्हणजे वायफायला अडथळा आणणाऱ्या रेडिओ लहरी, सोडत असेल. केबलची वायर स्वतःच अँटेनासारखी वागत असेल. किंवा केबलमधून धावणारं चित्र त्रास देत असेल. या चारही शक्यतांवरचा उपाय वेगवेगळा.

मॉनिटर जागेवर आणि चालू ठेवून फक्त लॅपटॉपकडचं टोक काढलं तेव्हा वायफाय सुधारलं होतंच. म्हणजे धूड आणि अॅडॉप्टर सुटले. मग केबल लॅपटॉपला लावली आणि मॉनिटरकडचं टोक मोकळं सोडलं. वायफाय उत्तम. समोर पडदा आहे असं कळल्याशिवाय लॅपटॉप त्या पोर्टवर चित्र पाठवत नाही, म्हणून नुसती लटकती केबल गुन्हेगार नव्हती. शेवटी दोन्ही टोकं जोडून, विंडोज-पी दाबून ‘फक्त पीसीचा पडदा’ निवडला. केबल तीच, मॉनिटर तोच, फक्त चित्र जात नव्हतं. पिंग उत्तम. ‘एक्स्टेंड’ केलं की लगेच गडबड. चालू असलेला चित्रसंकेतच त्रास देत होता.

इथे भाच्याच्या प्रयोगाकडे परत जावं लागलं. चित्राचा संकेत त्रास देत असेल तर रिझोल्यूशन उतरवल्यावर फरक पडायला हवा होता. मग त्याला तो का दिसला नाही? विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन वेगळ्या ओळी असतात. ‘डेस्कटॉप रिझोल्यूशन’ आणि ‘अॅक्टिव्ह सिग्नल रिझोल्यूशन’. सेटिंगमध्ये १०८० निवडलं की कित्येकदा पहिली ओळ तेवढी बदलते. ग्राफिक्स चिप चित्र लहान आकारात तयार करते, ताणून मोठं करते आणि केबलमधून पूर्वीचा २५६० बाय १४४०चाच संकेत सोडत राहते. इथे तसंच झालं होतं. डिस्प्ले अॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिस्ट ऑल मोड्स’ उघडून तिथून १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ निवडलं, दुसऱ्या ओळीतही १०८० आल्याची खात्री केली आणि पिंगकडे बघितलं. एकही हरवत नव्हता.

या प्रकरणातला सगळ्यांत मोठा वळणबिंदू माझ्या मते हाच. केबल तीच आणि संकेतही चालू, तरी एका रिझोल्यूशनला त्रास आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या गोंगाटाचा नव्हता, ठरावीक वारंवारितेच्या गोंगाटाचा होता. वायफायचा २.४चा पट्टा चॅनल नावाच्या क्रमांकित तुकड्यांत विभागलेला असतो आणि राउटर त्यातल्या एकावर बोलतो. आता राउटर कोणत्या चॅनलवर आहे ते बघायला हवं होतं. विंडोजची ‘नेटएसएच’ आज्ञा जोडलेल्या वायफायचा चॅनल सांगते. उत्तर आलं, १.

राउटरच्या पानावर जाऊन चॅनल ११ केला. मॉनिटर पुन्हा २५६० बाय १४४० वर. पिंग स्वच्छ. खात्रीसाठी परत १ वर आणला, बिघडला. ११ वर नेला, सुधारला. दोन्ही दिशांनी घडलं तेव्हाच कारण सापडलं असं मी धरलं.

हे घडतं कशामुळे

पडद्यावर चित्र पाठवताना दर सेकंदाला किती पिक्सेल जायचे याचं एक घड्याळ असतं. २५६० बाय १४४० हे दिसणारं चित्र. कडेची न दिसणारी जागा धरली तर नेहमीच्या मांडणीत ते २७२० बाय १४८१ होतं. हे सेकंदाला जवळपास ६० वेळा जातं, म्हणून पिक्सेल घड्याळ २४१.५ मेगाहर्ट्झ. अशा घड्याळाच्या संकेतातून मूळ वारंवारितेच्या पटींवरही थोडी ऊर्जा बाहेर पडते. २४१.५ची दहावी पट २४१५ मेगाहर्ट्झ.

वायफायचा चॅनल १ साधारण २४०१ ते २४२३ मेगाहर्ट्झ एवढी जागा व्यापतो. २४१५ त्याच्या पोटात बसतं. चॅनल ६ सुरू होतो २४२६ पासून, चॅनल ११ सुरू होतो २४५१ पासून, त्यामुळे ते दोन्ही वाचतात. २४१.५ची अकरावी पट २६५६ च्या पुढे, म्हणजे वायफायच्या पट्ट्याबाहेर. आता १०८०चं घड्याळ बघा. १४८.५ मेगाहर्ट्झ. त्याची सोळावी पट २३७६ आणि सतरावी २५२४.५. वायफायचा पट्टा २४०० ते २४८३.५, म्हणजे एक पट अलीकडे आणि एक पलीकडे. आत काहीच पडत नाही.

हा प्रकार ताईंच्याच घरी घडला असं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये रास्पबेरी पाय ४ वापरणाऱ्यांनी अगदी हेच अनुभवलं. मॉनिटर २५६० बाय १४४० वर ठेवला की त्या छोट्या संगणकाचं वायफाय गळायचं आणि रिझोल्यूशन किंवा चॅनल बदलला की परत यायचं. ती गोष्ट माहीत असल्यामुळे १०८० वर पिंग सरळ झाल्याबरोबर माझा हात चॅनलकडे गेला.

याचा सख्खा भाऊ म्हणजे यूएसबी ३.०चा गोंगाट. २०१२ मध्ये इंटेलने त्यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. त्यातला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. यूएसबी ३.०चा गोंगाट पसरट असतो, सगळा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा व्यापतो, आणि जवळ लावलेला बिनतारी माऊसचा रिसीव्हरही त्यात अडखळतो. तिथे चॅनल बदलून फारसं साधत नाही. ताईंचा बिनतारी माऊस याच लॅपटॉपला लावलेला होता आणि तो कधीच अडखळला नव्हता. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण गोंगाट पसरट नसून एका जागी टोकदार असावा याचा अंदाज येतो.

रेंज फुल का दिसत होती? त्या रेषा राउटरचा आवाज किती जोरात येतोय एवढंच सांगतात. दारात वरातीचा बँड वाजत असताना शेजारी बसलेला माणूस मोठ्याने बोलला तरी शब्द कळत नाहीत, तसं इथे होतं. आवाज पोहोचत होता, गोंगाटातून वेगळा काढता येत नव्हता. विंडोज गोंगाटाची पातळी दाखवत नाही. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तर सिग्नल आणि नॉइज दोन्ही आकडे समोर येतात, आणि त्यांच्यातलं अंतर बघितलं की असं निदान मिनिटांत होतं. विंडोजवर हा गोंगाट आडवाटेने, पिंगवरून ओळखावा लागतो.

व्हिडिओ कॉलमधली एकतर्फी तक्रारही आता जुळते. गोंगाट लॅपटॉपच्या अँटेनाजवळ होता, राउटरजवळ नव्हता. लॅपटॉपने पाठवलेलं राउटरला शांततेत ऐकू जात होतं, राउटरने पाठवलेलं लॅपटॉपला गोंगाटात. ‘माझं जातं, त्यांचं येत नाही’ हे वाक्य ताईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. असं वाक्य कानावर आलं की ते लिहून ठेवावं. दोष कोणत्या टोकाला आहे, ते त्यातच असतं.

मग दिवसादिवसाचा फरक? राउटरचा चॅनल ‘ऑटो’वर होता. हा राउटर सुरू होताना आजूबाजूची गर्दी बघून चॅनल निवडायचा आणि पुढची लाईट जाईपर्यंत त्यावरच राहायचा. मॉनिटर आला तेव्हा तो ६ वर किंवा ११ वर असणार, म्हणून दोन-तीन आठवडे काही कळलं नाही. पावसाबरोबर लाईट जायला लागली. घरातला इन्व्हर्टर पंखे आणि दिवे चालवतो, राउटरचा प्लग मात्र त्यावर नाही. दर वेळी राउटर नव्याने उठायचा आणि नव्याने चॅनल निवडायचा. १ आला की त्रास, दुसरा आला की आराम. पावसाचा संबंध खरा होता, पण तो लाईटमधून आणि राउटरमधून फिरून आलेला होता. फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडला जायचा, म्हणून तो या सगळ्यापासून अलिप्त.

कोणते पर्याय समोर होते

रिझोल्यूशन कायमचं १०८० ठेवणं सर्वांत सोपं. पण २७ इंचावर १४४०च्या पडद्याला १०८० दिलं की अक्षरं पसरट दिसतात आणि एक्सेलचे कॉलम कमी मावतात. ज्यासाठी मॉनिटर घेतला तेच घालवायचं, म्हणून ताईंनी तो पर्याय लगेच बाजूला ठेवला. मला ते पटलं.

वायफाय रिपीटर घ्या, असा सल्ला शेजाऱ्यांकडून आला होता. माझा त्याला विरोध होता. रेंज कमी नव्हतीच, आणि असे स्वस्त रिपीटर २.४ गिगाहर्ट्झवर राउटरच्याच चॅनलवर बोलतात. राउटर १ वर गेला की रिपीटरही १ वर. पैसे जातील आणि त्रास अधूनमधून येतच राहील.

कार्ड बदलून ५ गिगाहर्ट्झचं बसवणं तांत्रिकदृष्ट्या चांगलं. त्या पट्ट्यात २४१५चा प्रश्नच उरत नाही. पण लॅपटॉप खोलायचा, अँटेना एकच असलेल्या मशीनमध्ये दोन अँटेनांचं कार्ड घालायचं, शिवाय काही लॅपटॉप अनोळखी कार्ड स्वीकारतच नाहीत. २० तारखेच्या तोंडावर हे करायचं नाही, यावर आमचं लगेच एकमत झालं. त्याऐवजी यूएसबीला लावायचा ५ गिगाहर्ट्झचा छोटा अॅडॉप्टर हा बरा पर्याय होता, आणि वायर टाकणं शक्य नसेल त्या घरी मी तोच सुचवेन.

एचडीएमआय केबल बदलून बघायची होतीच. चांगल्या केबलचं आतलं कवच कनेक्टरच्या धातूला चहूबाजूंनी जोडलेलं असतं. हलक्या केबलमध्ये ते एका बारीक तारेने कसंबसं टेकवलेलं असतं आणि तिथून गळती होते.

चॅनल ११ वर पक्का करणं फुकट आणि तत्काळ होणारं. धोका एवढाच की ऑपरेटरने दुरून सेटिंग बदललं किंवा राउटर बदलला तर ते पुसलं जाईल. आणि सर्वांत टिकाऊ पर्याय म्हणजे लॅन वायर. लॅपटॉपला पोर्ट होतं, ते कधी वापरलंच गेलं नव्हतं.

काय केलं

१७ ला रात्रीच चॅनल ११ वर कायम केला आणि २.४चा पट्टा २० मेगाहर्ट्झ रुंदीचा ठेवला. रुंदी ४० वर असती तर वायफायने शेजारची जागाही व्यापली असती आणि निवडलेल्या चॅनलवर त्रासाचा नेमका हिशोब लावता आला नसता. ११ वर शेजाऱ्यांची दोन-तीन नेटवर्क होती, ६ वर त्याहून जास्त. शेजाऱ्यांची गर्दी वायफायला सांभाळता येते, कारण ती उपकरणं एकमेकांना थांबून वाट देतात. मॉनिटरचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही.

दुसरा बदल त्या रात्री करायचा नाही, असं ठरवलं. उपाय चालतोय, मुदत जवळ आहे, अशा वेळी सुधारणेच्या नादात हात घालणं ताईंच्या कामाशी खेळणं झालं असतं.

मुदत पार पडल्यावरच्या रविवारी हॉलपासून खोलीपर्यंत कॅट-६ वायर टाकली. पॅसेजच्या भिंतीला खालच्या कडेने केसिंग पट्टी मारली आणि दाराच्या चौकटीला एका कोपऱ्यात भोक पाडलं. त्याच दिवशी नवी, चांगल्या कवचाची एचडीएमआय केबल आणून मुद्दाम चॅनल १ वर वायफायची परीक्षा घेतली. पिंग हरवणं बरंच कमी झालं, पण थांबलं नाही. गळती केबलमधून होत होती तशी लॅपटॉपच्या पोर्टजवळूनही होत होती आणि अँटेना तिथून फार लांब नसावा. ‘चांगली केबल घ्या, सुटेल’ हा सल्ला सरसकट देऊ नये, हे या परीक्षेतून मला पुन्हा दिसलं. काही घरी तेवढ्याने भागेल, इथे भागलं नसतं.

परिणाम

त्या महिन्याची सगळी रिटर्न मुदतीत गेली, शेवटची १९ ला रात्री. वायर टाकल्यापासून टेबलावरचं काम लॅनवरच चालतं आणि तक्रार आलेली नाही. पोर्ट जुन्या धाटणीचं, १०० मेगाबिटचं आहे. रिटर्नच्या कामाला तेवढं भरपूर होतं.

गणपतीनंतर ऑपरेटरने राउटर बदलून दिला आणि चॅनल पुन्हा ऑटोवर गेला. अपेक्षा होतीच. ताईंच्या कामावर त्याचा काही परिणाम झाला नाही. लॅपटॉप उचलून बाहेरच्या खोलीत नेला की मॉनिटर सुटतो, मग वायफाय कोणत्याही चॅनलवर चालतं.

दुकानदाराने सुचवलेलं कार्ड शेवटी बदलावं लागलं नाही. कार्ड ठणठणीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दुकानात लॅपटॉप नेताना मॉनिटर नाही तरी निदान ‘घरी याला हे हे जोडलेलं असतं’ ही यादी बरोबर जायला हवी होती. दुकानदारानेही ती विचारायला हवी. दुकानात बिघाड दिसत नाही याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. दुकान आणि घर यांत काय फरक आहे, हा पुढचा प्रश्न तिथेच विचारला गेला असता तर तीन आठवडे वाचले असते.

केबलवाल्यांच्या मुलाला राउटरपर्यंतचं पिंग दाखवता आलं असतं तर ‘लाईन ओके आहे’ आणि ‘नेट चालत नाही’ हा वाद झालाच नसता. दोघांचंही खरं होतं. ताईंना आता ती आज्ञा येते, आणि कुठल्याही घरी ती एका माणसाला येत असावी असं मला मनापासून वाटतं.

भाच्याच्या प्रयोगाबद्दल त्याच्याशी नंतर बोललो. त्याने बदल केला, पण बदल खरोखर झाला का हे तपासलं नाही. दुसरं म्हणजे, ‘मॉनिटर आल्यावर दोन-तीन आठवडे ठीक होतं’ या गोष्टीवरून त्याने मॉनिटर सोडून दिला. येणारा-जाणारा बिघाड असेल तर एकाऐवजी दोन कारणं जुळावी लागतात का, हे आधी विचारावं. इथे मॉनिटर एकटा पुरेसा नव्हता आणि चॅनल १ही एकटा पुरेसा नव्हता. ताईंनी कोणत्या दिवशी त्रास झाला आणि लाईट कधी गेली एवढंच कॅलेंडरवर खूण करून ठेवलं असतं, तरी राउटरकडे लक्ष लवकर गेलं असतं.

एक गोष्ट अजून बाकी आहे. राउटर इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यायचा. वायरमनला सांगून ठेवलंय.